धाऊच्या खुणेचा तीर

धाऊ पादीरला लिहिता-वाचता येत नाही, आणि समोरच्याने विचारायच्या आत तो हे स्वतःच सांगून मोकळा होतो. "आपला आंगठा हाय," असं म्हणत उजवा अंगठा वर करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सहीऐवजी अंगठा उठवतो म्हणून सांगतोय. वाटू दे. त्या अंगठ्याला जे कळतं ते कळून घ्यायला शिकल्यासवरल्या माणसांना दोन टेकू, एक टांगायचं वजन आणि झुकाव मोजायचं यंत्र लागतं, आणि एवढं करून ते चुकतातच.

हा अंगठा तीर पारखतो. तीराची काडी ताठ आहे की लेची, आणि ताठ असली तर किती जोराच्या कामठ्याला, म्हणजे धनुष्याला, पुरेल, हे धाऊ काडी गुडघ्यावर टेकवून, दोन्ही अंगठ्यांनी जराशी वाकवून सांगतो. मग ती कानाशी नेऊन टिचकी मारतो. मग दगडावर उभी सोडतो आणि आवाज ऐकतो. एवढं झालं की एकतर काडी मांडीजवळ ठेवतो, नाहीतर मागे फेकून देतो. फेकलेली काडी पुन्हा उचललेली कुणी पाहिली नाही.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या मधल्या डोंगराला चिकटून शिरसाची वाडी आहे, पस्तीसेक ठाकर आदिवासींची घरं. धाऊच्या लहानपणी तिथे घरटी एक कामठा होता. थंडीत मेस बांबूच्या काड्या तोडायच्या, चुलीवरच्या धुरात दोन महिने टांगायच्या आणि मग निवडायला बसायचं. शंभरातून बारा-पंधरा निघाल्या तरी बाप खुशीत असायचा. निवडलेल्या काडीवर घराची खूण करायची. प्रत्येक घराची खूण वेगळी. पादीरांची तीन ठिपक्यांची, दोन एका ओळीत आणि तिसरा खाली. शिकार झालेल्या रानडुकराच्या अंगात कुणाचा तीर आहे हे खुणेवरून ठरायचं आणि मानाचा वाटा त्या घरी जायचा. त्यामुळे दुसऱ्याची खूण आपल्या तीरावर काढणं ही वाडीत चोरीपेक्षाही नीच गोष्ट समजली जायची.

दुसराही एक नियम होता, आणि ही सगळी गोष्ट त्या नियमाचीच आहे. खूण केलेला तीर घेणाऱ्याने वाकवून बघायचा नाही. खूण आहे याचा अर्थ त्या माणसाने तो आधीच वाकवलाय, त्याची जबाबदारी घेतलीय. तरीही तुम्ही वाकवलात, तर त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणालात. यावरून वाडीत हाणामाऱ्या झाल्यात, एक ठरलेली सोयरीक मोडलीय. पुढे शिकार कायद्याने बंद झाली, कामठे आढ्याला गेले आणि ओढ्यातले मासे मारण्यापुरते उरले. नियम मात्र जिथल्या तिथे राहिला.

पन्नाशीला आल्यावर धाऊ कुंभिवलीला कामाला लागला. हायवेपासून आत एका बंद पडलेल्या कारखान्यामागे मोकळी जागा होती, तिथे प्रवीण सर नावाचे एक गृहस्थ धनुर्विद्येचे वर्ग घ्यायचे. मैदानाचं गवत कापायचं, निशाणाच्या मागचा मातीचा बांध राखायचा आणि चुकलेले तीर हुडकून आणायचे, हे धाऊचं काम. तिथला कामठा बघून तो पहिल्या दिवशी हसला होता. दोन टोकांना दोन चाकं, चाकांवरून दोऱ्या इकडून तिकडे गेलेल्या. "ह्यो सायकलीचा भाऊ दिसतो," तो म्हणाला. पण ओढून बघितल्यावर त्याचं हसू मावळलं. तो चाकाचा कामठा साठ पौंडांच्या ओढीचा होता आणि दोरी सुटल्यावर तीर कुठे गेला हे डोळ्याला दिसतच नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात एक गंमत झाली. सरांच्या एका विद्यार्थ्याचे तीर शेपूट हलवत जात होते. सरांनी कामठा तपासला, दोरी तपासली, पोराची उभं राहायची ढब तीनदा बदलली. धाऊ बांधावरून तीर उपटून आणत होता. त्याने बाराच्या बारा तीर गुडघ्यावर घेऊन वाकवले आणि तीन बाजूला काढले.

"ह्ये तीन लेचे हायेत, सायेब. ह्या कामठ्याला नाय चालायचे."

"सगळ्यांवर एकच नंबर आहे, धाऊ. एकाच डब्यातले आहेत."

"डबा एक आसंल. आमी चार भावंडं बी एकाच घरातली."

सरांनी यंत्र काढलं. दोन टेकूंवर तीर आडवा ठेवायचा, मधोमध वजन टांगायचं आणि तीर किती खाली झुकला तो आकडा वाचायचा. ते तीन तीर खरंच जास्त झुकले. त्या दिवसापासून गवत कापायला दुसरा माणूस आला नाही, गवत धाऊच कापत राहिला, पण नळ्यांचा नवा डबा आला की आधी त्याच्यापुढे जायचा. सर त्यांना शाफ्ट म्हणत, धाऊ नळ्या म्हणे. कार्बनच्या काळ्या, पोकळ, वजनाला काहीच नसलेल्या. त्यांवर आकडे छापलेले असायचे आणि त्यांचा हिशेब उलटा होता. पाचशेची नळी लेची, तीनशेची ताठ.

"जेवढी कमी झुकते तेवढा आकडा बारका, मामा," रूपेशने त्याला समजावलं होतं.

"मंग बरोबरच हाय की," धाऊ म्हणाला, "जेवढं वाकनं तेवढा आकडा, ह्यात उलटं काय?"

रूपेश हा त्याचा भाचा. बहीण गेली तेव्हा पाच वर्षांचा होता, तेव्हापासून धाऊच्या घरी वाढला. धाऊची बायको नंदा ताटात आधी त्याला वाढायची आणि मग स्वतःच्या मुलीला, भाग्यश्रीला. मैदानावर कामठा हातात घ्यायला धाऊनेच त्याला सरांपुढे नेऊन उभा केला. पोरगा हुशार निघाला. साठ पौंडांचा कामठा त्याने वर्षभरात कह्यात आणला. जोराचा कामठा तीराला असा काही धक्का देतो की तीर आधी वाकतो आणि मग पळतो. लेचा असेल तर वाकतच जातो आणि कधी कधी हातातच फुटतो. म्हणून रूपेशसाठी धाऊ डझनभर नळ्या निवडायला चार-चार डबे पालथे घालायचा. प्रत्येक नळीला एक पाठ असते, जास्त ताठ बाजू. ती फिरवत फिरवत शोधायची आणि नेमकी त्या बाजूवर खूण करायची, म्हणजे बाराही तीर कामठ्यावर पाठ एकाच दिशेला ठेवून बसतात. खुणेला धाऊ भाग्यश्रीचं पांढरं नेलपॉलिश आणि काडेपेटीची काडी वापरायचा. कोयता लागून उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालेलं, त्यामुळे तिसरा ठिपका नेहमी जरा तिरका पडायचा, कधी थोडा, कधी जास्त.

रूपेशला राज्य पातळीवर पदक मिळालं. वाडीत त्याला खांद्यावर घेऊन नाचले. धाऊ नाचला नाही, पण त्या रात्री त्याने पदक उशाशी घेतलं होतं हे नंदाने सगळ्या वाडीला सांगितलं. मग भाग्यश्रीने कामठा धरला, आणि लवकरच दिसायला लागलं की ही आतेभावापेक्षा सरस आहे. तिचा कामठा पंचावन्न पौंडांचा होता. शेलूच्या नव्या सोसायट्यांतल्या मुली गाडीतून शिकायला यायच्या, त्यांच्या हाताला तेवढा ओढवत नसे.

पुढे रूपेशने खालापूरला तहसील कचेरीच्या वाटेवर दुकान टाकलं. कामठे, तीर, हातमोजे, सगळं. दुकानाच्या मुहूर्ताच्या आधी तो वाडीवर आला, पांढरा कागद आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन.

"मामा, तुजे तीन ठिपके ह्या कागदावर काढून दे ना."

"कागदावर? कागद काय मारायचाय?"

"नाय रं मामा. आठवन म्हनून. दुकानात देवाजवळ लावतो."

धाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मांडीवर पाट घेतला, पाटावर कागद, आणि श्वास धरून तीन ठिपके काढले. आयुष्यात कागदावर काही लिहायची त्याची ती पहिली वेळ. रूपेशने कागद फुंकर मारून वाळवला आणि जपून पिशवीत घातला. दारात वाकून पायाही पडला. हे पाया पडणं धाऊला पुढे फार छळणार होतं.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. जिल्ह्याच्या निवड चाचणीला दोन दिवस उरले होते. भाग्यश्री मुलींत पहिली येणार हे सर उघड बोलत होते, आणि त्यानंतर राज्याचा संघ. धाऊने श्रावणात निवडून दिलेल्या बारा तीरांतले तीन सरावात फुटले होते, कारण ती आता तीरावर तीर मारायला लागली होती. हे कौतुकाचं फुटणं. तिने बापाला सांगितलं नाही. तो भातकापणीत होता, आणि खालापूरला रूपेशदादाचं दुकान होतंच. रूपेशने तिला चार तीर दिले. चौघांवर तीन पांढरे ठिपके, तिसरा तिरका.

"मामानं तुज्यासाटीच निवडून ठेवल्यात," तो म्हणाला.

तिने वाकवून बघितले नाहीत. ठाकराची पोर, बापाची खूण. ती कशी वाकवेल?

दुपारचं ऊन होतं. भात झोडून झालं म्हणून धाऊ त्या दिवशी कामावर आला होता आणि मैदानाच्या कडेला गवत कापत होता. भाग्यश्रीने कामठा ओढला, धरला, सोडला. दोरीच्या आवाजाऐवजी फट्कन दुसराच आवाज झाला. धाऊने वर पाहिलं तर पोरगी डावा हात पोटाशी धरून खाली बसत होती. फुटलेल्या नळीची वीतभर काळी कांडी तिच्या अंगठा आणि बोटाच्या मधून शिरून तळहाताच्या बाजूने बाहेर आली होती. ती ओरडलीसुद्धा नाही. "बा," एवढंच म्हणाली.

पनवेलला हॉस्पिटलात तीन तास शस्त्रक्रिया चालली. कार्बनचे तंतू केसासारखे मांसात शिरले होते, ते डॉक्टरांनी एकेक काढले. अंगठ्याची शीर तुटली होती, ती जोडली. हात वाचला, पण अंगठा पूर्वीसारखा वाकेल याची खात्री नाही, असं सांगितलं. चाचणी गेली, राज्याचा संघ गेला, वर्ष गेलं. धाऊ बाकावर बसून होता. सर आणि रूपेश वळणाच्या पलीकडे उभे होते आणि रूपेशचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता.

"मामाला आता नीट दिसत नाय, सर. हाताला पन कंप सुटतो. मी तुमाला सांगनारच होतो, पन जीव होईना. घरचा मानूस हाय."

थोड्या वेळाने सर धाऊजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धाऊ, झालं ते झालं. पण आता नळ्या निवडायचं काम राहू दे. वय होतं माणसाचं."

खरं सांगायचं तर धाऊला ते पटलं. त्याला शंकाच आली नाही. तीरावर आपली खूण होती, तीर फुटला, म्हणजे आपणच चुकलो. दुसरा अर्थ निघतो हे त्याच्या डोक्यात यायला वाडीचे नियम आड येत होते. शुद्धीवर आल्यावर भाग्यश्री त्याच्याकडे बघून म्हणाली, "बा, तुला दिसंना झालं तं सांगायचं ना रं." त्यात राग नव्हता. म्हणून तर ते शब्द त्याला सहन झाले नाहीत. तो उठून जिन्यात जाऊन बसला.

चार दिवस तो धड जेवला नाही. वाडीवर आला की मेसाच्या जुन्या काड्या काढून वाकवत बसायचा. अंगठ्याला सगळं पूर्वीसारखंच कळत होतं, आणि तेच त्याला घाबरवत होतं. अंगठाच खोटं सांगायला लागला असेल तर विचारायचं कुणाला? नंदा म्हणाली, "आसूं द्या, देवाच्या मनात व्हतं." तो तिच्यावर खेकसला. इतक्या वर्षांच्या संसारात तो खेकसला नव्हता.

पाचव्या दिवशी सरांनी एक प्लास्टिकची पिशवी त्याच्या हातात दिली. तीत फुटलेल्या तीराचे तुकडे आणि त्याच्याबरोबरचे तीन तीर होते. "तुझे आहेत, तूच ठेव," सर म्हणाले. धाऊला ती पिशवी उघडायचा धीर होईना. मातीच्या बांधावर बसून शेवटी त्याने एक तीर काढला, आणि सवयीने नळी फिरवत खुणेवर बोट आणलं.

बोट थांबलंच नाही. खुणेवरून सरळ निघून गेलं.

नेलपॉलिशचा ठिपका वाळला की फुगीर राहतो, मोहरीच्या दाण्याएवढा बोटाला लागतो. हे ठिपके सपाट होते. त्याने दुसरा तीर काढला, तिसरा काढला. तिन्ही सपाट. डोळ्यांजवळ नेले तर तिसरा ठिपका तिन्हींवर एकाच मापाने तिरका, केसभरही फरक नाही. आपलं वाकडं बोट तीनदा एकसारखं कधी चाललंय? मग त्याने पहिला तीर गुडघ्यावर घेतला आणि वाकवला. ओल्या काडीसारखा वाकला. आणि ठिपके पाठीवर नव्हतेच. एकाचे पोटावर, एकाचे कुशीला, जिथे छापले गेले तिथे.

त्याला पहिल्यांदा आनंद झाला, हे कबूल करायला हवं. अंगठा खरा होता! अख्खा एक क्षण तो बांधावर बसून नुसता हसला. मग त्याला देवाजवळ लावायला दिलेला कागद आठवला.

सरांनी ते तीर यंत्रावर ठेवले. नळीवर छापलं होतं तीनशे चाळीस, आणि झुकत होती सहाशेच्या वर. कुठून तरी बिननावाच्या नळ्या आणून त्यांवर इथे आकडा छापलेला, आणि आकड्यासोबत खूण. सरांनी यंत्र बाजूला सारलं. "मी तुला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. धाऊ म्हणाला, "तुमी परकं, सर. तुमचं काय चुकलं नाय." आणि टमटम पकडून तो खालापूरला गेला.

मुहूर्ताला तो तापाने पडला होता, त्यामुळे दुकान आज पहिल्यांदाच बघत होता. पाटीवर त्याचाच फोटो होता. डोक्याला फडकं, हातात तीर, वाडीवर कधीतरी मोबाईलवर काढलेला. बाजूला हातभर मोठे तीन ठिपके. खाली काय लिहिलंय ते त्याला वाचता आलं नाही आणि कुणाला विचारायची त्याला लाज वाटली. आत दोन गिऱ्हाइकं होती, पुण्याकडची वाटत होती. रूपेशने मामाला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण दुसऱ्याच क्षणी तो हसत पुढे आला.

"हेच ते धाऊमामा!" त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं. त्यांनी हात जोडले.

धाऊने मांडणीवरून नळ्यांचा गठ्ठा काढला आणि दुकानाच्या मधोमध फरशीवर बसला. एकेक नळी गुडघ्यावर घ्यायची, वाकवायची, टिचकी मारायची आणि बाजूला ठेवायची. चोवीस नळ्या होत्या. सात ताठ निघाल्या, सतरा लेच्या. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हळूच बाहेर पडली.

"मामा, आत चल. बाहेर तमाशा नको," रूपेश म्हणाला.

"कागद कुठं हाय देवाजवळचा?"

देवाजवळ उदबत्तीचं घर होतं, नारळ होता. कागद नव्हता.

"मामा, ऐकून घे. पुन्यामुंबैवरनं ऑर्डरी येतात. महिन्याला पाचशे नळ्या. तू किती वाकवशील? तुजा आंगठा झिजंल. आनि मशीन हाय, कारखान्यातनं तपासूनच येतात."

"मंग कारखान्याचे ठिपके लाव."

रूपेशचा आवाज चढला. "खूण काय तुज्या एकट्याची हाय का? घराची हाय. मी त्याच घरात वाढलो. तूच म्हनायचास ना, रूप्या आपल्या घरचा म्हनून?"

हे मात्र खरं होतं. हजारदा म्हटलं होतं. धाऊने मान हलवली.

"खूण घराची हाय, कबूल. मंग ह्या सतरा नळ्या घरातल्या कंच्या मानसानं वाकवून बघितल्या, तेवढं सांग."

रूपेशने दुकानाचं दार लोटून घेतलं.

"आनि माजी नजर गेली म्हनून सरांना सांगितलंस. माज्या पोरीला बी सांगितलंस. तिचा हात फाटला त्याचं खापर माज्यावर फोडलंस, आनि मी चार दिस त्ये खरं धरून बसलो रं. चार दिस मी म्हनत व्हतो, आपन आपल्या पोरीला मारलं."

"दुकान गेलं असतं, मामा," रूपेश खालच्या आवाजात म्हणाला.

नंदाने ज्याला आधी वाढलं, त्याने केसाने गळा कापला होता, आणि कापतानाही मामाच म्हणत होता. धाऊने सात ताठ नळ्या उचलल्या, ताठ असल्या तरी खूण त्याची नव्हती, आणि त्यांवरचे ठिपके नखाने खरवडायला लागला. छापलेले ठिपके नखाने जाईनात. नखातून रक्त आलं तरी तो खरवडत राहिला. रूपेश रडत होता की नाही हे त्याने बघितलं नाही. शेवटी नळ्या तशाच फरशीवर टाकून तो उठला आणि परत त्या दुकानाची पायरी चढला नाही.

दुकान बंद पडलं, रूपेशला शिक्षा झाली, असं काही झालं नाही. तो पनवेलला मोठ्या जागेत गेला. पाटी तीच आहे असं म्हणतात. वाडीवर तो येत नाही, पण तीन ठिपक्यांचे तीर कुठे कुठे जातात, कोण त्यांना डोळे झाकून कामठ्यावर चढवतं, याचा विचार धाऊच्या मनात गवत कापता कापता येतो आणि मग त्याचा कोयता थांबतो.

भाग्यश्रीला त्याने त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात सगळं सांगितलं होतं. तिचं चांगल्या हाताचं बोट धरून आधी आपल्या जुन्या तीरावर फिरवलं आणि मग त्या खोट्या तीरावर. तिला लगेच कळलं. ती खूप रडली. हातासाठी नाही, बापाला बोलली म्हणून. धाऊ तिला थोपटत राहिला आणि मग म्हणाला, "आता एक कर. आजपासनं कंचाबी तीर वाकवल्याबिगर कामठ्याला लावायचा नाय."

"तुजा बी?"

"माजा बी."

"आसं नाय करीत आपल्यात, बा."

"करायचं," धाऊ म्हणाला. "मी सांगतो म्हनून करायचं."

होळी जवळ आली तेव्हा डॉक्टरांनी कामठा धरायची परवानगी दिली. डावा अंगठा अर्धाच वाकत होता, पण कामठा पेलण्यापुरता पुरेसा होता. पुढच्या चाचणीला सात महिने होते. धाऊने पाच डबे पालथे घालून बारा नळ्या निवडल्या. एवढं मन लावून त्याने कधी निवडलं नव्हतं. प्रत्येकीची पाठ तीनतीनदा शोधली, तीन तीन ठिपके काढले, सावलीत वाळवले. सकाळी मैदानावर पोरीपुढे फडक्यावर त्या बाराही मांडल्या.

भाग्यश्रीने पहिला तीर उचलला. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. फुगीर होते, तिसरा तिरका होता. ती किंचित हसली. धाऊच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं, झालं, आता उचलून कामठ्याला लावेल, पहिल्यासारखी.

तिने मान खाली घातली. तीर गुडघ्यावर टेकवला. एक अंगठा नीट, एक अर्धवट, असे दोन्ही अंगठे नळीवर ठेवले आणि तीर वाकवला. कानाशी नेऊन टिचकी मारली. त्याने शिकवलं होतं तसंच, काही चुकलं नाही.

आजवर कुणी धाऊच्या समोर धाऊचा तीर वाकवून बघितला नव्हता. त्यानेच सांगितलं होतं, दहा वेळा बजावलं होतं, तरीही पोरीने आज बापाचं ऐकायला नको होतं, असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटलं.

"राग नको मानूस, बा," ती वर न बघता म्हणाली.

फडक्यावर अजून अकरा तीर होते.

"दुसरा घे," धाऊ म्हणाला.